उणे ५,६१५.८० : बँकेशी भांडायचे ते एकेका नोंदीवरून

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरी सुटली आणि जुन्या कंपनीचे पगार खाते तसेच राहिले. त्यात १,२४० रुपये होते. पुढे वर्षभर तिकडे पाहिलेच नाही. मधल्या काळात बँकेच्या माणसाचा दोनदा फोन आला, ‘खाते मायनसमध्ये आहे, भरा नाहीतर सिबिल खराब होईल.’ गेल्या आठवड्यात भावाने चुकून त्याच खात्यावर २०,००० रुपये पाठवले. शिल्लक पाहिली तर १४,३८४.२०. म्हणजे ५,६१५.८० बँकेने आल्या आल्या वळते करून घेतले. शाखेत विचारले तर उत्तर मिळाले, ‘सिस्टिमने कापलेत, आमच्या हातात काही नाही.’ हे कायदेशीर आहे का, पैसे परत मिळतील का, आणि आता त्या खात्याचे काय करायचे?

माझी नोकरीची बहुतेक वर्षे शाखेतल्या त्या काचेच्या आतल्या बाजूला गेली. निवृत्तीनंतर असे उतारे घेऊन लोक घरी येतात. जवळजवळ सगळ्यांची चूक एकच असते. ते एकूण आकड्यावर भांडतात. ‘पाच हजार सहाशे कसे काय कापले?’ असे विचारले की समोरचा म्हणतो, ‘नियमाप्रमाणे.’ आणि बोलणे तिथेच संपते. ५,६१५.८० नावाचे एक देणे मुळात नाहीच. ती सोळा वेगवेगळ्या नोंदींची बेरीज आहे. त्यातल्या काही तुमच्या चुकीने लागलेल्या आहेत, काही शंकास्पद आहेत आणि सर्वांत मोठा गठ्ठा असा आहे की त्याचे समर्थन बँकेला कागदावर करायला सांगितले तर जड जाईल.

तुम्ही पाठवलेला उतारा मी सरळ मांडतो. म्युच्युअल फंडाच्या एसआयपीचा (दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याचा) मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापून घेण्याची परवानगी, याच खात्यावर राहिला होता. दोन हजारांचा हप्ता फेब्रुवारी, मार्च, एप्रिल असा तीनदा परत गेला. दर वेळी ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. तीन वेळचे १,७७०. मेपासून बँकेने खाते साध्या बचत खात्यात बदलले आणि किमान सरासरी शिल्लक १०,००० लागू झाली. ती नाही म्हणून महिन्याला ५९०, असे आठ महिने, म्हणजे ४,७२०. डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क २९५. एसएमएसचे दर तिमाहीला १७.७०, चार वेळा, ७०.८०. सगळे मिळून ६,८५५.८०. त्यातून तुमचे १,२४० वजा केले की उणे ५,६१५.८०.

आता यातले किमान शिल्लकेचे ४,७२० क्षणभर बाजूला ठेवा. उरते उणे ८९५.८०. तुमचा वाद याच दोन आकड्यांमधला आहे. ८९५.८० बद्दल मी फार ताणणार नाही. ४,७२० मात्र सोडणार नाही.

का ते सांगतो. किमान शिल्लक किती असावी हे बँकेने ठरवायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये यावरून बराच गदारोळ झाला तेव्हा गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनीही हेच सांगितले. त्यामुळे ‘दहा हजार ही अट अन्यायाची आहे’ हा मुद्दा तक्रारीत आणूच नका, वाया जाईल. पण ती नसल्याबद्दलचा दंड कसा लावायचा, यावर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. २० नोव्हेंबर २०१४ चे परिपत्रक १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. त्याचा गाभा असा : शिल्लक कमी झाल्यावर बँकेने ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे की शिल्लक पूर्ववत केली नाही तर दंड लागेल. त्यानंतर किमान एक महिना मुदत द्यायची. दंड जितकी रक्कम कमी पडली तिच्या टक्केवारीत असावा, म्हणजे हजार कमी पडले काय आणि दहा हजार कमी पडले काय, दंड तोच, असे चालत नाही. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे : केवळ किमान शिल्लकेच्या दंडामुळे बचत खाते उणे जाणार नाही, याची काळजी बँकेने घ्यायची.

२०१४ मध्येच ६ मे रोजी आलेल्या परिपत्रकाची भाषा याहून स्पष्ट होती. ग्राहकाच्या अडचणीचा किंवा दुर्लक्षाचा गैरफायदा घेऊ नका, दंड लावण्याऐवजी त्या खात्यावरच्या सेवा मूलभूत (किमान शिल्लक न लागणाऱ्या) बचत खात्याइतक्या मर्यादित करा, शिल्लक वाढली की पुन्हा सुरू करा, असा त्याचा आशय. नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने हजारो जुनी परिपत्रके एकत्र करून नवे निर्देश काढले आहेत. त्यामुळे पत्रात परिपत्रकाचा क्रमांक ठोकून देण्यापेक्षा नियमाचा आशय लिहा. क्रमांक जुना निघाला तर समोरचा त्यावरच दोन महिने घालवतो.

इथे एक अडचण आहे आणि ती आधीच ओळखून ठेवा, म्हणजे बँकेने काढली तर गांगरणार नाही. नियमात ‘केवळ’ हा शब्द आहे. तुमचे खाते शून्याखाली नेमके कधी गेले ते पाहा. फेब्रुवारीत ६५० उरले, मार्चमध्ये ६०, एसएमएसचे गेल्यावर ४२.३०, आणि एप्रिलच्या तिसऱ्या बाऊन्सला उणे ५४७.७०. म्हणजे पहिल्यांदा उणे नेले ते मँडेट परत गेल्याच्या शुल्काने, किमान शिल्लकेच्या दंडाने नव्हे. बँकेचा हुशार अधिकारी म्हणेल, ‘खाते आधीच उणे होते, तो नियम इथे लागत नाही.’

यावरचे उत्तर असे. उणे ५४७.७० पर्यंत बाऊन्सने नेले, मान्य. त्यानंतर त्या आकड्यात ४,७२० ची भर पडली ती फक्त आणि फक्त दंडाने. खात्यात दंडापोटी घ्यायला एक रुपयाही नव्हता, तरी आठ महिने दंड नावे टाकत राहायचे आणि मग पाचशे रुपयांच्या उण्याकडे बोट दाखवायचे, हे नियमाच्या हेतूला धरून नाही. शिल्लक ४२ रुपये असलेल्या माणसाला संरक्षण आणि उणे ५४७ असलेल्याला नाही, असा अर्थ लावायचा का, असे लेखी विचारा. माझ्या अनुभवात शाखेपेक्षा वरच्या पातळीवर हे बहुधा पटते. पण दगडावरची रेघ म्हणून मी सांगत नाही, वादाला जागा आहे.

म्हणून दुसरा मुद्दाही सोबत ठेवायचा : सूचना. मे महिन्यात खाते पगार खात्यातून साध्या खात्यात बदलले हे कसे कळवले? पहिला दंड लावण्याआधी महिनाभराची सूचना दिली का? कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकावर, काय मजकुराची? त्याची प्रत मागा. इथे तुमची बाजू थोडी लंगडी आहे, कारण प्रश्नात तुम्हीच लिहिले आहे की नोंदवलेला मोबाइल कंपनीचा होता आणि नोकरी सोडताना सिम परत केले. बँकेने त्या नंबरवर सूचना पाठवली असेल तर ती पोचली नाही हा दोष बँकेवर टाकता येणार नाही. (त्याहून काळजीची गोष्ट ही की वर्षभर तुमच्या खात्याचे ओटीपी कुणा परक्याच्या हातातल्या फोनवर जात होते. हे उत्तर वाचून झाले की सगळ्यात आधी नंबर बदला, तक्रार उद्या लिहिली तरी चालेल.) पण पुष्कळदा असे होते की बँकेकडून जी प्रत येते तो ‘आपल्या खात्यातून ५९० वजा झाले’ हा दंड कापल्यानंतरचा संदेश असतो. ती सूचना नव्हे. सूचना दंडाच्या आधीची लागते.

बाऊन्सच्या १,७७० मध्ये फारसा दम नाही. मँडेट तुमचा, खात्यात पैसे नव्हते. पाहायचे ते एवढेच की एकाच महिन्याचा हप्ता दोनदा सादर करून दोनदा शुल्क घेतले नाही ना, आणि ५०० हा दर त्या तारखेच्या शुल्कपत्रकात आहे ना. तुमच्या उताऱ्यात तीन महिन्यांचे तीन आहेत, ठीक आहे. कार्डाचे २९५ विनंतीने सुटू शकतात, विशेषतः वर्षभर कार्ड घासलेच नसेल तर. एसएमएसचे शुल्क प्रत्यक्ष वापरावर असावे असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच सांगितले आहे, पण सत्तर रुपयांसाठी तक्रारीचा मुख्य मुद्दा पातळ करू नका.

आता शाखेत काय घडते ते सांगतो, कारण बाहेरून ते दिसत नाही. ‘सिस्टिमने कापले’ हे अर्धे खरे आहे. शुल्क आपोआप लागते, कुणी बसून तुमचे खाते शोधत नाही. पण लागलेले शुल्क उलटवण्याचा अधिकार माणसांकडेच असतो. शाखाधिकाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंत, त्यापुढे क्षेत्रीय कार्यालयाला. मग तो का उलटवत नाही? कारण परत दिलेला प्रत्येक रुपया ऑडिटरच्या नजरेत येतो. उत्पन्नाची गळती नावाचा एक प्रकार ऑडिटमध्ये असतो, आणि ‘हे शुल्क कशाच्या आधारे परत केले?’ या शेऱ्याला उत्तर द्यायला साहेबाकडे कागद लागतो. काउंटरवर आवाज चढवणाऱ्या ग्राहकाने त्याच्या हातात काहीच दिलेले नसते. तुम्ही नियमाचा आशय लिहिलेले, आकडे मांडलेले पत्र दिले की त्याला फाइलला लावायला कागद मिळतो. मी स्वतः कितीतरी शुल्के अशाच एका पानाच्या जोरावर उलटवली आहेत आणि तितकीच, पान नव्हते म्हणून, नाकारलीही आहेत. आज त्याचे वाईट वाटते, पण तेव्हा तसेच चालायचे.

पत्र लांब नको. साधारण असे :

‘मा. शाखाधिकारी यांस. माझ्या बचत खात्यातून मे ते डिसेंबर या काळात किमान शिल्लक नसल्याबद्दल दरमहा ५९० रुपये (जीएसटीसह) याप्रमाणे आठ वेळा एकूण ४,७२० रुपये नावे टाकले आहेत. या काळात खात्यात दंड वसूल करण्याइतकी शिल्लक नव्हती व हा दंड उणे शिल्लक वाढवून घेण्यात आला. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार किमान शिल्लकेच्या दंडामुळे बचत खाते उणे जाता कामा नये, तसेच दंडापूर्वी किमान एक महिन्याची सूचना आवश्यक आहे. तरी (१) सदर ४,७२० रुपये जीएसटीसह माझ्या खात्यात परत जमा करावेत, (२) खाते बदलल्याची व दंडाची पूर्वसूचना दिली असल्यास तारीख, माध्यम व मजकूर यांसह प्रत द्यावी, (३) त्या काळात लागू असलेले शुल्कपत्रक द्यावे, (४) निर्णय होईपर्यंत या खात्यावर किमान शिल्लकेचा आणखी दंड लावू नये. भावाने पाठवलेल्या रकमेतून झालेली वसुली मला मान्य नाही.’

‘जीएसटीसह’ हा शब्द मुद्दाम आहे. कितीदा तरी बँक ५०० उलटवते आणि वरचे ९० तसेच राहतात. आठ महिन्यांचे ते ७२० रुपये होतात.

पत्राच्या दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच द्यायला कुरकुर केली तर वाद न घालता नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा. त्याच दिवशी तोच मजकूर बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा आणि तक्रार क्रमांक मिळवा. फोनवरची तक्रार धरू नका, तिचा क्रमांक मिळाला तरी तिच्यात काय लिहून घेतले ते तुम्हाला दिसत नाही. सोबत उतारा जोडताना पासबुक नको. पासबुकात अनेक नोंदी एकत्र होऊन किंवा अर्धवट छापल्या जातात. शेवटच्या पगारापासून आजपर्यंतचा पूर्ण पीडीएफ उतारा घ्या आणि आठ नोंदींना पेनाने खुणा करा.

पत्र दिल्याच्या तारखेपासून ३० दिवस मोजा. या काळात शाखा, मग बँकेचा नोडल (तक्रारींसाठी नेमलेला) अधिकारी, अशी वाटचाल होते. नोडल अधिकाऱ्याचे नाव-पत्ता शाखेत लावलेला असतो आणि बँकेच्या संकेतस्थळावरही. एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते : मोठ्या बँकांमध्ये अंतर्गत लोकपाल, म्हणजे तक्रारी पुन्हा तपासणारा बँकेतलाच स्वतंत्र अधिकारी असतो, आणि तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळायची असेल तर बँकेने ती आपणहून त्याच्याकडे न्यायची असते. त्यामुळे ‘तुमची विनंती मान्य करता येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले तर उलट विचारा, हे उत्तर अंतर्गत लोकपालाने पाहिले आहे का? हा प्रश्न विचारला की फाइल पुन्हा उघडते असे मी पाहिले आहे.

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटण्यासारखे नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. २०२१ पासून एकात्मिक योजना आहे, सगळ्या तक्रारी रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस (तक्रार व्यवस्थापन) पोर्टलवर करता येतात, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. फी नाही. वकील लावू नका, तक्रार स्वतः किंवा वकील नसलेल्या अधिकृत प्रतिनिधीमार्फत करायची असते. तीस दिवसांच्या आत घाईने तिकडे गेलात तर तक्रार दाखल होण्याआधीच बंद होते, आणि लोक समजतात की लोकपालाने नाकारले. दुसरे, तक्रारीची मांडणी. बँकेचा व्यावसायिक निर्णय हा लोकपालाचा विषय नाही. ‘शुल्क फार जास्त आहे’ असे लिहिले की ती तक्रार व्यावसायिक निर्णयाविरुद्धची ठरते. ‘पूर्वसूचना न देता आणि निर्देशांविरुद्ध उणे शिल्लक वाढवून शुल्क घेतले’ असे लिहिले की ती सेवेतली त्रुटी होते. पैसे तेवढेच, पण दुसरीवर सुनावणी होते आणि पहिलीवर होत नाही. फार रेंगाळू नका, या मार्गाला मुदत आहे.

ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि दोन वर्षांची मुदत मिळते. पण ४,७२० रुपयांसाठी मी आधी लोकपालच सांगेन. एकाच विषयावर दोन्हीकडे एकदम जाऊ नका, आयोगात प्रकरण असेल तर लोकपाल ते घेत नाही.

सिबिलची धमकी. तुमचे देणे आता वसूल झाले आहे, त्यामुळे फोन थांबतील. पण मागच्या महिन्यांत बँकेने काही कळवले आहे का ते पाहून घ्या. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या कर्ज-परतफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. त्यात हे खाते ओव्हरड्राफ्ट म्हणून थकीत दिसले तर तुम्ही कर्ज मागितले नव्हते, मंजूर मर्यादा नव्हती, हे लिहून दुरुस्ती मागा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद एप्रिल २०२४ पासून आहे. आणि फोनवरच्या माणसाने पोलीस, कोर्ट असे शब्द काढले असतील तर : परत गेलेला ऑटो-डेबिट २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा ठरू शकतो हे खरे, पण ते कर्जासारखे देणे चुकवण्यासाठीच्या हप्त्याबाबत. एसआयपी हे देणे नव्हे, तुमचीच गुंतवणूक आहे. गृहकर्जाचा हप्ता मात्र असा परत जाऊ देऊ नका.

आता खात्यात उरलेले १४,३८४.२०. ते आजच दुसऱ्या खात्यात हलवायचा मोह होईल. हलवा, भावाचे पैसे आहेत. पण त्याच दिवशी दंडाचे घड्याळ पुन्हा चालू होते हे ध्यानात घ्या. दोन वाटा आहेत. एक, खाते मूलभूत बचत खात्यात बदलून मागा. त्याला किमान शिल्लक नसते, महिन्याला किमान चार वेळा पैसे काढता येतात, आणि दंडाचा प्रश्नच मिटतो. अट अशी की तुमचे असे खाते दुसऱ्या बँकेत नसावे आणि याच बँकेत दुसरे बचत खातेही नसावे. वाद मिटेपर्यंत परतावा जमा व्हायला जागा राहते म्हणून मला ही वाट आवडते. दुसरी वाट खाते बंद करण्याची. तिथे सावध राहा : बंद करण्याच्या फॉर्मवर ‘माझी बँकेकडे कोणतीही मागणी नाही’ असे छापील वाक्य असेल तर त्यावर रेघ मारून ‘अमुक तारखेची तक्रार प्रलंबित’ असे लिहा आणि परतावा कोणत्या खात्यात टाकायचा ते द्या. बंद करण्याआधी त्यावरचे मँडेट, यूपीआय जोडणी, गॅसचे अनुदान, विम्याचे वार्षिक हप्ते काढून घ्या. मेअखेर कापले जाणारे प्रधानमंत्री विमा योजनांचे ४३६ आणि २० रुपये लोक हमखास विसरतात आणि ऐन दावा करायच्या वेळी विमा बंद पडलेला असतो.

ज्यांचे खाते अजून उणेच आहे आणि पैसे गेलेले नाहीत, त्यांनी ‘जरा शंभर टाकून बघू’ असे करू नये. टाकलेले पैसे जुन्या थकबाकीत गडप होतात. जो भाग मान्य आहे तेवढाच भरा आणि भरताना पत्राने कळवा की ही रक्कम अमुक तारखांच्या बाऊन्स शुल्कापोटी आहे. अनेक देण्यांपैकी कोणत्या देण्यापोटी पैसे देतो हे सांगण्याचा हक्क १८७२ च्या करार कायद्याचे कलम ५९ देते. सिस्टिम ते ऐकणार नाही, पण पुढे लोकपालापुढे ते पत्र उपयोगी पडते.

दोन वर्षे तुम्ही स्वतः एकही व्यवहार केला नसेल तर खाते निष्क्रिय ठरते आणि मग किमान शिल्लकेचा दंड लावताच येत नाही, ते पुन्हा सुरू करायलाही शुल्क नाही. तुमचे वर्षच झाले म्हणून हे तुम्हाला लागू नाही, पण आईवडिलांच्या जुन्या पासबुकांत हा प्रकार फार सापडतो. दंड दोन वर्षांनंतरही चालू राहिलेला दिसला तर ती सोपी लढाई आहे.

सरासरी शिल्लक म्हणजे रोज तेवढी ठेवायची असे नाही, हेही जाता जाता. रोजच्या अखेरच्या शिल्लकांची बेरीज भागिले दिवस. तीस दिवसांच्या महिन्यात १०,००० ची सरासरी हवी तर तीस हजार दहा दिवस ठेवले तरी भागते. महिना संपायला चार दिवस असताना आठवले तरी बरीच मोठी रक्कम चार दिवस ठेवून दंड चुकवता येतो. आणि २०२५ मध्ये अनेक सरकारी बँकांनी हा दंडच बंद केला आहे, त्यामुळे तुमची बँक अजून घेते का ते एकदा पाहा.

तुमच्या उताऱ्यात नाही, पण कुणाला अगदीच अनोळखी नोंद दिसली, शुल्क नव्हे तर कुणीतरी काढलेले पैसे, तर वरचे सगळे विसरा. तिथे तीस दिवस थांबायचे नसते. त्याच तासाला बँकेला कळवून खाते-कार्ड बंद करा. २०१७ च्या नियमांप्रमाणे तुमचा हलगर्जीपणा नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर तुमची जबाबदारी शून्य. सात कामकाजाच्या दिवसांपर्यंत ती मर्यादित, साध्या बचत खात्याला १०,००० पर्यंत. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. एटीएममधून पैसे न येता खात्यातून गेले तर पाच दिवसांत परत यायला हवेत, नंतर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती न मागता मिळायला हवी.

हे सगळे बँकांबद्दल झाले. खाते पतपेढीत असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल नाही. तिथे सहकार खात्याचा उपनिबंधक, आणि भांडणाची पद्धतही वेगळी. पत्र, पोच आणि नोंदींना खुणा केलेला उतारा मात्र तिथेही लागतोच.

तुमच्यापुरते पुढचे काम : उद्या शाखेत जाऊन नंबर बदलणे, मूलभूत खात्याचा अर्ज आणि वरचे पत्र, तिन्हीची पोच एकाच दिवशी. परतावा ४,७२० पेक्षा कमी आला तर घेऊन टाका, पण ‘अंशतः स्वीकारले, उर्वरित मागणी कायम’ असा एक ईमेल त्याच दिवशी पाठवा. आणि भावाच्या फोनमधून ते जुने खाते काढून टाका.